टेंभुर्णीतली अस्वलाची बेकरी

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. सासूबाईंना नाही, आणि मी सगळं सांगते अशी जिची समजूत आहे त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर जीभच उचलत नाही माझी.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एक जपानी पद्धतीची बेकरी आहे. सुरू झाली तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं होतं. हातात ट्रे आणि चिमटा घ्यायचा आणि आपले पाव आपणच उचलायचे — पांडा, मांजर, हिरव्या पाठीचं कासव. सगळ्यांत जास्त खपायचं ते अस्वल. गोल तोंड, चॉकलेटचे डोळे, पोटात कस्टर्ड. आमच्या भवानी पेठेतली माणसं तिथंही जाऊन खारी आहे का विचारायची... बघा, मी अजून बेकरीचंच सांगत बसलेय. मुद्द्यावर यायचं म्हटलं की माझं हे असं होतं.

मला एक बहीण होती. सुमी. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, पण मनानं लहानच राहिलेली. डॉक्टरांचा शब्द घरात कुणी उच्चारायचं नाही, आई म्हणायची, "आमची सुमी भोळी हाय." बाबांचं टॉवेल-चादरींचं छोटं दुकान. सुमी दिवसभर तिथले नॅपकिन घड्या घालून रचायची आणि गिऱ्हाइकानं घडी मोडली की त्याच्यावर जाम चिडायची. माझ्या मोबाइलवर तिनं त्या अस्वलाचा फोटो पाहिला होता. रोज एकच — "ताई, अस्वल आणायला कवा जायचं?"

जाऊ की, म्हणायचे मी. पायी वीस मिनिटांचा रस्ता. का नेलं नाही? लाज वाटायची. दुसरं काही नाही.

त्याच वर्षी मला बघायला दोन स्थळं आली. दोन्ही वेळा सुमी येऊन पाहुण्यांना खेटून बसली आणि दोन्ही वेळा "कळवतो" म्हणून गेलेल्यांनी काहीच कळवलं नाही. न बोलताही समजतं हो — घराण्यात आहे, उद्या मुलांत निघालं तर? तिसरं स्थळ पुण्याचं आलं. मुलगा मला फोटोतच आवडला. मी ठरवलं, कार्यक्रम घरी नको, त्या बेकरीत करू. हल्ली बाहेर भेटतातच की लोक!

आईबाबांनी लपवलं, असं मी मनाशी कितीदा म्हटलंय. खोटं आहे ते. बाबा म्हणाले होते, "लपवून किती दिवस निभंल गं?" आणि मी ओरडले होते, "ती घरात असंल तर माझं लग्न व्हायचं न्हाई!" सुमी तिथंच होती. घड्या घालत होती. तिला कळलं नसेल असं मी धरून चालले — पण ते मला कसं ठाऊक?

तिला टेंभुर्णीला मावशीकडे ठेवायचं ठरलं. ती हटून बसली. आईनं समजावलं, बाबांनी दटावलं, काही उपयोग झाला नाही. मग मी — मीच — तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, सुमे, ती अस्वलाची बेकरी टेंभुर्णीतच आहे, मावशीच्या घराजवळ. झटकन उठली. ठेवणीतला ड्रेस घातला, तोंडभर पावडर लावली आणि एसटीच्या खिडकीतून मला हात करत गेली.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीत बसले होते. मुलानं माझ्यासाठी अस्वलच उचलून आणलं. त्याच्या आईनं सहज विचारलं, भावंडं किती? बाबा टेबलाकडे बघत राहिले. आईनं तोंड उघडलं होतं. तिच्या आधी मी म्हणाले, "मी एकटीच."

लग्न झालं. सुमीला आणलं नाही. पेठेतली सगळी माणसं जेवून गेली, पण एकानंही विषय काढला नाही. मुलीचं लग्न मोडायचं पाप कोण घेणार? आणि त्यानंतर सुमी टेंभुर्णीलाच राहिली, कारण जावई सोलापूरला कधीही येऊ शकत होते. मावशी फोनवर सांगायची, "रोज सांजच्याला बाहेर पडती गं. हर दुकानात इचारती, अस्वल हाय का म्हणून. परत येती आन् मलाच समजावती, आज बेकरी न्हाई गावली, उद्या बघू."

मी त्यावर काय म्हणायचे? हं म्हणायचे.

माझा नवरा चांगला माणूस आहे. सोलापूरला गेलो की तो आवर्जून मला त्या बेकरीत नेतो, "आपली बेकरी" म्हणतो आणि परतीच्या वाटेसाठी अस्वलांचा खोका घेतो. पुण्याचा रस्ता टेंभुर्णीवरून जातो. मांडीवर खोका असायचा. तो विचारायचा, चहाला थांबू या का? मी म्हणायचे, नको, पुढं थांबू. लग्नानंतर मी सुमीला भेटले नाही. एकदाही नाही.

गौरीजेवणाच्या दिवशी आईचा फोन आला. सकाळी सुमीला फिट आली होती आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आई रडत नव्हती. म्हणाली, "तू येऊ नको. काय सांगून येशील?"

सख्ख्या बहिणीचं सुतक आमच्यात लग्न झालेल्या मुलीलाही धरतात. देवाला शिवायचं नसतं, नैवेद्याचा स्वयंपाक करायचा नसतो. पण सुतक धरायला बहीण असावी लागते ना? सासूबाईंनी विचारलं, कुणाचा फोन? मी म्हणाले, आईचा — पुरण जमलं का विचारत होती.

मग मी पोळ्या लाटल्या. नैवेद्याचं ताट वाढलं, गौरींना हळदकुंकू वाहिलं, आरतीला टाळ्या वाजवल्या. तिकडं मावशीच्या दारात तोवर तिला आंघोळ घालत असतील. पंगत बसली. माझ्या हाताला चव आहे म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं आणि सासूबाईंनी मला आग्रहानं जवळ बसवून घेतलं.

मी जेवले. पोळीवर तूप वाढून घेतलं आणि पोटभर जेवले.