उलट्या डोंग्याने मिळवून दिलेली नोकरी

परवा चंद्रपूरला एका शाळेत चित्रकला शिक्षिकेच्या जागेची मुलाखत होती. ब्रह्मपुरीहून सकाळची एसटी पकडली. आधीच्या मुलाखतींमध्ये माझी बोबडी वळली होती. या वेळीही नाही जमलं तर ब्रश ठेवून वहिनीसोबत शिलाई मशीनवर बसायचं, असं घरात ठरलेलं होतं.

मुलाखतीत एक चित्र दाखवून त्यातली प्रतीकं विचारत होते. बाहेर आलेली प्रत्येक मुलगी तेच सांगत होती... बंदराचं एचिंग आहे, उलटी पडलेली होडी म्हणजे मृत्यू, धूर म्हणजे राख झालेली स्वप्नं. मी हुशार! तेच घोकत आत गेले. समोर एक सर आणि एक मॅडम, मधे टेबलावर ते चित्र.

एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून, त्या ॲसिडने खोल करून छापलेलं चित्र. दूरवर शिडाची जहाजं निघालेली, वर काळं आभाळ. पुढे किनाऱ्यावर ती उलटी होडी, आणि तिच्यावर डोकं टेकवल्यासारखा वाकलेला एक माणूस.

मी 'मृत्यू' म्हणायला तोंड उघडलं आणि धुराच्या खाली नजर गेली. तिथे विस्तवावर एक लहानसं भांडं होतं, त्यात काडी खोचलेली. अगं बाई... हे तर डांबर!

मी ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोर. वैनगंगेच्या काठावर आमचं घर. दर उन्हाळ्यात बाबा आपला डोंगा, म्हणजे लहान होडी, उलटा करतात, फटींमध्ये चिंध्या ठासतात आणि वरून गरम डांबर लावतात. फट शोधताना अगदी असेच वाकतात, लाकडाला गाल लावून.

घोकलेलं सगळं उडालं आणि तोंडातून घरचीच भाषा निघाली. "सर, हा मानूस रडून नाई राह्यला. फटी बुजवून राह्यला. हा डोंगा मेला नाई, निघाची तयारी करून राह्यला!"

मॅडमनी चष्मा पुसला आणि चित्र जवळ ओढलं. सर मात्र सोडायला तयार नव्हते... मग हे काळं आभाळ कशाचं प्रतीक?

"घाईचं, सर. पानी येवाच्या आत डांबर सुकाले पायजे ना!"

मग काय, मी सुटलेच. गेलेल्या जहाजांपेक्षा मला ही मागे राहिलेली होडी महत्त्वाची वाटते, चित्रकाराने सगळ्यात दाट रेघा तिलाच दिल्यात, म्हणजे आशा तिथे आहे... असं बरंच काही बोलले. सरांना पूर्ण पटलं नाही, पण हसले. मॅडमनी विचारलं, समुद्र पाहिलाय का कधी?

"नाई मॅडम. वैनगंगा पाह्यली."

संध्याकाळी बसस्टँडवर फोन आला. निवड झाली! मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या काकूंच्या हातातला समोसा पडला. (काकू, सॉरी. दुसरा घेऊन दिला.)

बाबांना फोन करून सगळं सांगितलं... होडी, धूर, डांबर, सगळं. त्यांनी पगार विचारला नाही, शाळाही विचारली नाही. एवढंच म्हणाले, "मंग त्या मानसाचा डोंगा उतरला का पान्यात?"

"उतरला, बाबा... आजच उतरला."