रुई म्हणजे काय?

पुण्यात नावं ठेवणाऱ्यांना तोटा नाही, पण ठेवलेल्या नावाचा अर्थ विचारून आईबापांना घाम फोडणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, आणि तो कर्वेनगरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. हे काका निवृत्त संस्कृत शिक्षक. बारशाला गेले की पाळण्यात डोकावण्याआधी ‘व्युत्पत्ती काय?’ म्हणून विचारणार. एकदा दाढ काढायला गेले, तर तोंडात कापसाचा बोळा असताना डॉक्टरांना म्हणाले, ‘मुलाचं नाव रेयांश ठेवलंत, म्हणजे काय हो?’ डॉक्टर म्हणाले, ‘सूर्याचा किरण. इंटरनेटवर आहे.’ ‘तिथे असेल,’ काका बोळा सावरत म्हणाले, ‘संस्कृतात नाही.’

अशा माणसाच्या सुनेने मुलीचं नाव ‘रुई’ ठेवायचं ठरवलं. ती माहेरची रुईकर, एकुलती एक. वडील लग्नाआधीच गेलेले. ‘आमचं आडनाव माझ्यापाशी संपलं. त्यातलं एवढं तरी हिला राहू दे,’ ती म्हणाली. काका उसळले. ‘अगं, रुई माळावर कुठेही उगवते! तिची पानं मारुतीला घालतात. पोरीचं ठेवायचं ते नाव आहे का?’ सून आत गेली. तिचे डोळे भरलेले काकांनीही पाहिले असावेत, कारण दुसऱ्याच सकाळी ‘आडनावाचं मूळ बघून येऊ’ म्हणत त्यांनी मला स्वारगेटला एसटीत बसवलं. रुई गावात पोचलो, पारावरच्या माणसांना विचारलं. ‘रुईकर? त्या नावाचं घर न्हाय हितं,’ एक आजोबा म्हणाले. काका हळूच म्हणाले, ‘बरोबर आहे. गाव सोडून गेला, तोच गावाचं नाव लावतो.’

बारशाला कुणीतरी विचारलंच, ‘रुई म्हणजे नक्की काय?’ आम्ही सगळे काकांकडे बघू लागलो. ‘हिच्या आजोबांचं आडनाव,’ काका म्हणाले. ‘आपण पेढा घ्या.’ मग पाळण्यावर वाकून त्यांनी खणखणीत हाक मारली, ‘ए रुई!’ तशा स्वयंपाकघरातून विहीणबाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि ओशाळून थांबल्या. ‘ह्यांना ऑफिसातले मित्र खाली स्कूटर लावून अशीच हाक मारायचे,’ त्या मला म्हणाल्या. काका पाठमोरे होते.

आता विहीणबाई मुक्कामाला असल्या की काका संध्याकाळी फिरून येतात आणि खालूनच ‘ए रुई!’ अशी हाक मारतात. पोरीला अजून रांगताही येत नाही. गॅलरीत विहीणबाईच येऊन उभ्या राहतात.