चुकीच्या ग्रुपवर गेलेला आवाज

स्पीकरवर माझा आवाज लागला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता.

लोहाऱ्याजवळच्या एका शाळेत आमची शिक्षण परिषद भरली होती. विषय, सोशल मीडियावरनं इंग्रजी शिकवावं का. मी रोज सकाळी सातवीच्या पोरांसाठी धडा वाचून मोबाईलवर पाठवायची. त्या दिवशी घाईत तो पोरांच्या ग्रुपऐवजी शिक्षकांच्या ग्रुपवर पडला. मागं कुकरची शिट्टी, शेजारची म्हैस, आणि त्यात माझं इंग्रजी.

मार्गदर्शक सर धाराशिवहून आलेले. घरची इंग्रजी शाळा, घरचं कॉलेज. त्यांनी माझा आवाज स्पीकरला जोडला. "ऐका. हे असलं पोरांच्या कानात गेलं तर झालंच कल्याण." मग थांबून, हसत, "इंग्रजीलासुद्धा वस्तीचा वास येतोय की ओ."

सगळे हसले.

माझी वस्ती सगळ्यांना ठाऊक. भूकंपानंतर गाव नव्यानं बांधलं, तेव्हा माझी आई तिथं घमेली वाहत होती. नव्या गावातही आम्हाला जागा मिळाली ती कडेलाच. त्या कडेवरनं मी इंग्रजीपर्यंत आले. बोलून दाखवणारं कुणी नव्हतं. पुस्तकातलं अक्षर बघायचं आणि आवाज मनानंच ठरवायचा. तोच आवाज आता लोक ऐकत होते.

आणि मी? मीही हसले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

सरांनी विचारलं, "मोबाईलवर इंग्रजी नको, असं कुणाकुणाला वाटतं?" हात वर झाले. कुणाला कटकट नको होती. कुणाला पालकांचे अवेळी फोन नको होते. आणि बऱ्याच जणांना, उद्या आपलाही आवाज असाच लागेल, ही भीती होती. माझाही हात वर गेला. चहाचा कप दुसऱ्या हातात.

दुसऱ्या दिवसापासनं आवाज बंद. पोरांनी विचारलं, तर मी मोबाईल बिघडलाय म्हणाले. वर्गातही मोठ्यानं वाचणं सोडलं. फळ्यावर अर्थ लिहायचा, उतरवून घ्या म्हणायचं. कुणाची तक्रार नाही. काही न करता थकून घरी यायचं, एवढंच.

मग एकदा शाळा सुटताना रेश्माची आई आली. शिलाई करते. दारातच उभी राहिली.

"बाई, तुमचा आवाज येईना झालाय."

"मोबाईल बिघडलाय."

"लई दिस झाले की. मी मशीनवर बसले की पोरगी तुमचं लावायची, मागनं म्हणायची. आता जुनंच लावती, फिरून फिरून. आमच्या घरात इंग्रजी बोलणारं तुमीच एक होता." ओढणीखालनं तिनं मोबाईल काढला. काच तडकलेली, रबर लावलेलं. "तवर माझा घ्या. मला कोण फोन करतंय."

खरंच दिला तिनं माझ्या हातात.

मी तो परत दिला. लहानपणी मला जे मिळालं नव्हतं, बोलून दाखवणारं माणूस, तेच मी तिच्या पोरीकडनं काढून घेतलं होतं. एका माणसाच्या हसण्यापायी. आणि माझा मोबाईल पर्समध्ये होता. चालू.

पुढच्या परिषदेच्या दिवशी सकाळी धडा वाचला. पोरांना पाठवला. मग ग्रुपचं नाव नीट बघून शिक्षकांनाही पाठवला.

तेच सर आलेले. "काय मॅडम, परत चुकून?"

"न्हाय सर. मुद्दाम."

हसायला लागले काहीजण. मी उभी राहिले. "मागच्या वेळी माझा हात वर होता. तो मी आज खाली घेते. जोडा स्पीकर. तुमच्या शाळेतला आवाज आमच्या वस्तीवर कधी आला न्हाय. हा येतोय."

सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "पुढचा मुद्दा घेऊ." त्या दिवशी चहाला माझ्याजवळ कुणी उभं राहिलं नाही.

माझ्या इंग्रजीत चुका आहेत. सापडल्या की दुरुस्त करते, परत वाचते. पण आवाज बदलणार नाही. आता तो रोज दोन्ही ग्रुपवर जातो, शिट्टीसकट, म्हशीसकट. ज्यांना वास येतो त्यांनी ग्रुप सोडावा.

मी सोडणार नाही.