रविवारचा कटर

मावला गावात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून उद्धवरावांचं वर्कशॉप आहे. तिथलं मिलिंग मशीन सुनयना चालवते. बेला गावची लेक, आयटीआय झालेली. सहा वर्षांत जिनिंगचे कितीतरी भाग तिने घडवले; पण टूल स्टीलचा, अवजारांच्या कडक पोलादाचा ठोकळा तिच्यापुढे पहिल्यांदाच आला.

गुडीहत्नूरच्या दीपमालाबाई वखराच्या पासा, म्हणजे माती कापणारी लोखंडी पाती बनवतात. पास ठोकून काढायला त्यांना साचा हवा होता. ठोकळा एकच, हैदराबादहून आणलेला. उद्धवरावांनी आधीच सांगून टाकलं होतं, "हे जमलं त मशीन राह्यते. नाई त विकून टाकतो, तू ड्रिलवर ये."

कटर त्यांनीच निवडला होता. चांगला रुंद, कडेला कापणाऱ्या पाच चौकोनी टिपा. टीप झिजली की स्क्रू सोडून फिरवायची, चारी धारा संपल्या की बदलायची. दुपारपर्यंत टिपांचे दोन संच फुटले.

"माल खराब देल्ला त्यानं," उद्धवराव दुकानदारावर चिडले.

सुनयनाने भिंग काढलं. तिने फुटलेली टीप भिंगाखाली धरली. धारेवर आडव्या बारीक भेगा होत्या, फणीच्या दातांसारख्या.

"माल बरोबर आहे, उद्धवभाऊ. टीप पोलादात शिरली की तापते, बाहेर आली की आपण तिच्यावर पाणी ओतून राह्यलो. काचेच्या गरम पेल्यात थंडं ओतल्यावानी. आन् पाच टिपांनी आपलं जुनं मशीन थरथरते. तीनच गोल टिपांचा लहान कटर घेऊ. पाणी बंद, कोरडंच कापू."

कोरडं! कटरवर तेल मिसळलेल्या दुधी पाण्याची धार सतत हवी, हा इथला नियम होता. कारण भिंतीपलीकडे रुई होती, आणि तिच्या बारीक तंतूंचा भुरका उडून इकडच्या मशीनवर, माळ्यावर, पंख्यावरही बसायचा. पोलादाचा लालबुंद तापलेला कीस त्यावर पडला तर?

जिनिंगचा फोरमन गोपाल हे ऐकून धावतच आला. "पेटवतेस का वो बाई आमाले?"

"तुमचं जिनिंग रविवारी बंद राह्यते ना, गोपालभाऊ?"

"राह्यते. मंग?"

"मंग रविवारीच कापतो. तुमी बकेट घेऊन बसा, मी झाडूझुडू करून ठेवतो."

"सुट्टीच्या दिवशी काऊन बसू? बायको म्हणन, याचं घरी काई मन लागत नाई."

तरी रविवारी तो आला. त्याने दारावर ओले गोणपाट टांगले. सुनयनाने माळा, पंखा, खिडक्या सगळं झटकून काढलं, कटरभोवती पत्रा उभा केला. उद्धवरावांनी आणलेला नवा कटर चढवून कापाची खोली अगदी कमी धरली. टेबल सरकलं. कीस पत्र्यावर आदळत खाली पडत होता, निळसर, कोरडा. मशीनची थरथर ओसरली, आवाज एकसुरी झाला. बकेटीकडे पाहायचं गोपालही विसरला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठोकळ्याची एक बाजू सपाट झाली. सुनयनाने एक टीप सोडून भिंगाखाली पाहिली. धार थोडी घासली होती, भेग एकही नव्हती. टीप तिने चावीने जराशी फिरवली आणि पुन्हा कसली.

आता अडचण वेगळीच. साच्याला आणखी तीन रविवार लागणार होते, आणि दीपमालाबाईंना कबूल केला होता पुढचा शनिवार. उद्धवरावांनी फोन लावला, आणि बोलायला सुनयनाच्या हाती दिला.

दीपमालाबाईंनी ऐकून घेतलं. "ठोकळा चांगला हाये ना?"

"हो, बाई."

"मंग तीन रविवार घे. पन साचा तूच कर."

फोन परत घेत उद्धवरावांनी मशीनकडे पाहिलं. "तीन रविवार," ते गोपालला म्हणाले. "घरी सांगून ठेव."