आखूड फिनांची जोडी

मढच्या धरणात तो मला डायव्हिंग शिकवायचा. एरवी विहिरीत पडलेल्या मोटरी काढायचा. काम झालं की त्याच्याशी बोलायला कुणी थांबत नसे.

पोहताना पायात घालायची रबरी फिन तो आधी गुडघ्यावर वाकवून बघायचा. सहज वाकली तरच मला द्यायचा. "तुमच्या पायात जोर न्हाई, राव. कडक, लांब घातली तर पोटऱ्यांत गोळे येतील. ही आखूड घ्या." स्वतःच्या कडक जोडीला मात्र हात लावू द्यायचा नाही.

परवा लोणीत एका विहिरीवर तो दिसला. माणसं वर आलेल्या मोटरीभोवती जमली होती, तो कठड्याशी एकटाच बसला होता. पायात माझ्यासारखीच आखूड जोडी. मी पाहिलं तसा त्यानं पायांवर टॉवेल ओढला.

मी त्याच्या शेजारी कठड्याशी बसलो आणि विचारलं, "मोटर लई खोल व्हती का?"