भिंतीवरचे तेलकट हात

रंभाबाईचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. दूध आलं की ती चरवीत बोट बुडवून बघे, ज्वारी घेताना पोत्याच्या तळातली मूठ काढायला लावी. मोठ्या तापाच्या साथीत तिच्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा "उतार पडलाय, आता भीती नाही" असं सांगून तिला घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं ते त्याला उचलून न्यायला. तेव्हापासून लोकांच्या गोड बोलण्याची तिला धास्तीच बसली होती. पुढं गिरणीत सूत गुंडाळून तिनं कुंडलिकला वाढवलं. तो मागावर लागला तसं तिनं काम सोडलं आणि सोलापुरात, शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत, सून आणली.

सून वच्छला अक्कलकोटच्या पलीकडची. बत्तीस सालच्या पावसाळ्यात तिला ताप आला, आणि गेला तो पायांतला जोर घेऊनच. डावा पाय थोडाफार हले. उजवा नुसता पडून राही. डॉक्टर म्हणाले, "पाय रोज हलवत ठेवा, नाहीतर आखडतील." पण हलवायचे कसे, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कुंडलिकनं नागम्माला आणलं.

नागम्मा बाळंतिणींना चोळायला जाई. तिचा नवरा तालमीत वस्ताद होता. आखडलेले हातपाय वळते करायची रीत ती त्याच्याकडून शिकली होती. कोमट तेल लावून ती वच्छलाचा गुडघा पोटापर्यंत दुमडी, सरळ करी. पायाला कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं स्वतः ओढून धरी आणि वच्छलाला पाय पुढं रेटायला लावी. गिरणीतली एक मोडकी बॉबिन तळपायाखाली घोळवून घेई. वच्छला कळवळून ओरडे. रंभाबाई उंबऱ्यात धान्य निवडत बसे, पण तिची नजर सुपात नसे.

तिला सलत होतं ते निराळंच. नागम्मा आणि वच्छला कानडीत बोलत. रंभाबाईला कानडी येत नव्हती. एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा कानावर येई : "निधान, निधान."

निधान म्हणजे पुरलेलं धन, एवढं तिला माहीत होतं. सुनेच्या माहेरच्या पुतळ्यांची माळ, चांदीचे तोडे, यावर तर या बाईचा डोळा नाही? एका दुपारी वच्छलाला झोप लागल्यावर तिनं हळूच ट्रंक उघडली. माळ होती. तोडेही होते. तरी तिच्या मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही.

दसऱ्याला भिंतींना चुना दिला होता. त्यावर थोड्याच दिवसांत खाटेजवळ तेलाचा एक डाग दिसला. नीट पाहिलं तर तो हाताचा पंजा होता. हातभर पुढं दुसरा, मग तिसरा, असे मागच्या दारापर्यंत, आणि सगळे उभ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. नागम्माचा पंजा रुंद होता. हे ठसे लहान होते.

रंभाबाईच्या लख्ख ध्यानात आलं. पोरगी चालत होती! आणि आपण तिचं हागणं-मुतणं काढत होतो, भाकरी हातात देत होतो. कंबर मोडली तरी कुणाजवळ कुरकुरलो नव्हतो. दोघी मिळून आपल्याला वेड्यात काढत होत्या तर.

त्याच सुमारास तिच्या भावाचा, महिपतीचा, होटगीहून निरोप आला : कुंडलिकसाठी दुसरी मुलगी बघून ठेवलीय, येत्या रविवारी बोलायला येतो. रंभाबाईनं नाही म्हणून कळवलं नाही. कुंडलिक म्हणाला, "आई, तू म्हनशील तसं." आणि मान खाली घालून पाळीवर गेला.

मंगळवारी ती बाजाराची पाटी घेऊन निघाली ती कोपऱ्यावरूनच परतली आणि मागच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

वच्छला एक हात भिंतीला टेकून उभी होती. नागम्मा तिला न धरता, नुसते हात पसरून, समोर होती. वच्छलानं कमरेतून उजवा पाय पुढं ओढला, टेकवला, आणि गुडघा दुमडून धाडकन खाली पडली. नागम्मानं तिला उचललं नाही. "निधान," एवढंच म्हणाली. वच्छलानं खाटेचा खूर धरला, ओठ दाताखाली घेतले आणि पुन्हा उभी राहू लागली. तिचा चेहरा घामानं निथळत होता.

रंभाबाईनं दार ढकललं. "लपवून का ठिवलंस गं माज्यापासनं?"

वच्छला तिथंच जमिनीवर बसली. उत्तर नागम्मानं दिलं. "मीच सांगू नको म्हनले. तुला कळलं की तू उद्या डोईवर घागर देशील. गुडगा कच्चा हाय अजून. वजनानं एकदा दगा दिला, की मग माज्या हातात काय न्हाय."

"मी घागर देईन? मी?"

बोलता बोलताच तिला आठवलं. आठवड्यापूर्वीच ती शेजारणीला म्हणाली होती, "एकदा पाय टेकू दे, दुसऱ्या दिवशी पान्याला लावते की न्हाय बघ." भिंतीपलीकडच्या खाटेवर ते ऐकू गेलं असणार. तिचा चेहरा उतरला.

"आनि ते निधान निधान काय?" तिनं उगाच आवाज चढवला.

"आत्याबाई, कानडीत निधान म्हंजे हळू," वच्छला म्हणाली.

रंभाबाईनं पाटी उचलली आणि बाजाराला गेली.

रविवारी महिपती आला. खाटेवर बसलेल्या वच्छलाकडं बघत म्हणाला, "आक्का, हिला उबी करून दाव बरं. न्हायतर पोराच्या जल्माचं काय?"

वच्छलानं सासूकडं पाहिलं. तिची बोटं खाटेच्या कडेला घट्ट आवळली होती.

रंभाबाई भावाकडंच बघत होती. "पोरगी कुनाची म्हनलास?"

"हाय की, आमच्या हिच्या भावाची."

"म्हंजे तुज्या बायकूची भाची. तरीच म्हनलं, होटगीत बसून माज्या पोराचा कळवळा कसा आला! च्या पी आनि गाडी गाठ."

महिपती लाल होऊन निघून गेला. वच्छलाला कुणी उभं केलं नाही.

संध्याकाळी कुंडलिक घरी आला तेव्हा अंगणात बांबूचा एक लांब कळक पडला होता. "ह्यो खाटेपासनं मागच्या दारापतुर भिंतीला ठोक," रंभाबाई म्हणाली. "हाताच्या डागानं भिंत घान हुतीया." दुसऱ्या दिवशी नागम्मानं त्या कळकावर आपलं सगळं वजन टाकून पाहिलं, आणि वच्छलाचा हात त्यावर ठेवला.

वच्छलाचा उजवा पाय पुढं कायमच जरा फरफटत राहिला. पण उन्हाळ्यापर्यंत ती आधाराशिवाय घरभर फिरू लागली. पाणी रंभाबाईच भरत राहिली. मग एके दिवशी वच्छला म्हणाली, "आज ह्यांची भाकरी गिरणीवर मी नेते."

"जा की," रंभाबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली. पण सून दाराबाहेर पडताच पदर डोक्यावर ओढून तिच्या मागं निघाली. अर्ध्या वाटेवर वच्छला एका दुकानाच्या पायरीवर बसली. रंभाबाई उभ्या बैलगाडीच्या आडोशाला थांबली. बराच वेळ दोघी तशाच. मग वच्छला गुडघ्यावर हात दाबून उठली, भाकरीचं फडकं सावरलं आणि गिरणीच्या फाटकाकडं चालू लागली. ती आत दिसेनाशी होईपर्यंत रंभाबाई तिथंच होती. मग सून यायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून ती भराभर माघारी निघाली.