कापलेली हिरवी तार

सेवेतल्या कित्येक गुन्ह्यांची कलमंसुद्धा आता आठवत नाहीत. वडूज ठाण्यातली ही एक घटना मात्र आजही आठवते.

औंधजवळच्या एका गावात हळदीच्या कार्यक्रमात बँजो पार्टीचा मुख्य वादक वाजवता वाजवता कोसळला आणि जागीच गेला. एक हात बँजोच्या तारांवर, दुसरा माइकच्या लोखंडी स्टँडवर. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी खबर आली, की त्याचा धाकटा भाऊ ॲम्प्लिफायरमागे खुडबुड करत होता. वेगळी पार्टी काढण्यावरून दोघांचं आठवडाभर बिनसलं होतं. त्यातच पंचनाम्यात ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची हिरवी तार कापलेली आढळली. मी मनातल्या मनात खुनाचा गुन्हा लिहूनही टाकला.

धाकट्याला दिवसभर बसवून घेतलं. दरडावलं, गोडीनं विचारलं. त्याचं एकच म्हणणं होतं, "आवं साहेब, दादानं सांगितलं म्हनून प्लग बोर्डात बसवला. तार कवा कापली, मला ठाव न्हाई." खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवं जोडतो. हा काहीच जोडत नव्हता, आणि मला तेच खुपत होतं.

विद्युत निरीक्षकांचा अहवाल यायला वेळ होता. म्हणून सांगलीहून, विश्रामबागेतून, बँजो पार्ट्यांची मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांना सगळे चाचा म्हणत. पंचांसमोर मुद्देमाल उघडला. ॲम्प्लिफायरमधली एक वायर जळून पत्र्याला चिकटली होती, तिथून वीज बँजोत उतरली, असं त्यांनी दाखवलं. हिरवी तार शाबूत असती तर फ्यूज उडून माणूस वाचला असता, हेही तेच म्हणाले. मग त्यांनी प्लग खोलला आणि हिरव्या तारेच्या कापलेल्या टोकावरची दोऱ्याची गाठ बोटाने चाचपली.

"साहेब, ही तार मीच कापलीया. वर दोऱ्याची गाठ मारायची सवय माझी हाय. मशीन घुंई करतंय म्हनून त्या पोराचा दादा माझ्याकडं आला हुता, आनि लगीनसराईची घाई. अर्थिंग तोडली की घरघर थांबती. खरं तर आधी सगळं सामान एकाच बोर्डावर लावून बघायचं हुतं, त्यानंबी घरघर थांबती. तार तोडनं धोक्याचं, ह्ये मला ठाव हुतं. त्या पोराला सोडा."

आयुष्यभर लोकांकडून कबुल्या काढल्या. पण कुणाला कधी कळलंही नसतं, अशी न मागता दिलेली कबुली ही एकच. माणूस मला चेहऱ्यावरून कळतो, हा माझा ताठा त्या दिवशी उतरला.

मशीन चाचांकडे नेताना पार्टीतला ढोलकीवाला बरोबर होता, त्याच्या जबाबाने दुजोरा मिळाला. धाकटा सुटला आणि चाचांवर निष्काळजीपणाचा खटला चालला. जामिनावर असताना ते गावोगाव फिरून कापलेल्या तारा जोडत होते, तेही फुकट.

आज धाकट्याची स्वतःची पार्टी आहे. परवा त्याच्याकडे गेलो, तर चाचा त्याचं नवं मशीन जोडत बसले होते. प्लगचं झाकण लावण्याआधी त्यांनी हिरव्या तारेवर बोट ठेवलं. धाकट्याने वाकून ती पाहिली, ओढून बघितली, आणि मगच झाकणाचा स्क्रू त्यांच्या हातात दिला.